पाच एचपीचं इंजिन आणि साडेसात एचपीची स्कूटर

दिवाळीत नातू आला होता. त्याच्या कॉम्प्युटरवर एक गेम आहे, त्यात गाडीचं इंजिन आपणच बनवायचं. गडी सिलिंडरचा स्ट्रोक वाढवत सुटला. सीसी वाढले, पण ताकद काही म्हणावी तशी वाढेना. "आबा, इंजिन मोठं केलं तरी एचपी का वाढत नाही?"

मी जरा गप्पच झालो. १९८० च्या सुमाराची गोष्ट, जिंतूर तालुक्यातली शाळा. मी इतिहासाचा मास्तर, पण विज्ञानाचे सर रजेवर म्हणून तो तास माझ्याकडे. "इंजिन जितकं मोठं तितकी ताकद जास्त" असं फळ्यावर लिहून मी मोकळा झालो. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. "गुरुजी, आमच्या विहिरीवरचं किर्लोस्कर पाच एचपीचं. डॉक्टरांची चेतक एवढीशी, तरी ती साडेसातची म्हणतात. कसं काय?" मला उत्तर येत नव्हतं. "काहीतरी ऐकून येतोस, बस खाली," म्हणालो. वर्ग हसला.

पोराचं बरोबर होतं हो!

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्याजवळ खडकीला १९४६ साली सुरू झाली. (आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात.) पुढे ही डिझेल इंजिनं आपल्याकडच्या विहिरींवर आली आणि मोटेचे बैल सुटले. त्यातलं एव्ही-वन हे घरोघरचं. एकच सिलिंडर, बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, म्हणजे ५५३ सीसी. ताकद ५ एचपी. बजाजची चेतक १९७२ ची, आकुर्डीची. सुमारे १४५ सीसी आणि ताकद साडेसात एचपीच्या आसपास.

गोम फेऱ्यांमध्ये आहे. एव्ही-वन मिनिटाला १५०० फेऱ्या मारतं आणि फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल पेटतं, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. चेतक टू-स्ट्रोक. पाच हजारांच्या वर फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला ठिणगी. एक धक्का लहान, पण धक्के सातपट. १९८५ ला आलेल्या यामाहा आरएक्स १०० ने तर ९८ सीसीत ११ एचपी काढले. बुलेटला ३४६ सीसीत १८.

मग आकार फुकट का? अजिबात नाही. एकेका धक्क्याचा जोर आकारावरच असतो. पिळण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो एव्ही-वनचा चेतकच्या दुपटीहून जास्त. आणि सावकाश चालणारं इंजिन झिजतं कमी. हरभऱ्याला रात्रभर पाणी द्यायचं तर असलंच इंजिन हवं, स्कूटरचं तिथे काय टिकणार?

नातवाला एवढंच सांगितलं, स्ट्रोक लांबवलास की पिस्टनला प्रत्येक फेरीत जास्त पळावं लागतं, म्हणून फेऱ्यांना लवकर मर्यादा येते. त्याने स्ट्रोक कमी करून बोअर वाढवला. एचपी वाढले. स्वारी खूश.

तो विद्यार्थी आता सेलूला पंपांचं दुकान चालवतो. नंबर मिळवून फोन केला, उत्तर सांगितलं, माफीही मागितली. "अहो गुरुजी, हे तर आमचं रोजचंच," म्हणाला. आपण काय विचारलं होतं ते त्याला आठवत नव्हतं. पोरं हसली होती, तेवढं आठवत होतं.