घरातली साक्ष

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ‘साक्ष’ हा शब्द कोर्टकचेरीतला वाटतो. पाहिले ते सांगायचे आणि उलटतपासणीला उभे राहायचे, एवढाच त्याचा अर्थ. ख्रिस्ती परंपरेत हा शब्द रोजच्या आचरणालाही लावतात. अंतरीची श्रद्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांना वागण्यातून दिसावी, अशी तेथे अपेक्षा असते. मराठी समाजात अशा साक्षीची कठोर उलटतपासणी झाली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात, आणि ती घेतली त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर म्हणजे त्या काळी घराण्याच्या दृष्टीने जिवंतपणीचे मरणच. लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाला राहिल्या आणि पतिपत्नींची ताटातूट सुमारे पाच वर्षे टिकली. या काळात त्या माउलीने जे सोसले, ते विसरून टिळकांचा गौरव करणे न्यायाचे होणार नाही.

पुढे त्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच. सोवळे-ओवळे, पाणी, स्वयंपाक हे सारे त्यांनी आपल्या रीतीने चालविले. टिळकांनी सक्ती केली नाही. धर्मोपदेश हाच ज्याचा व्यवसाय, त्याने स्वतःच्या घरातील सोवळे सांभाळावे, याचे दोन्ही समाजांना नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. परंतु खरी साक्ष येथेच दिसते. लक्ष्मीबाईंच्या मनातून प्रथम गेला तो जातिभेद. तो ईश्वराने नव्हे, माणसाने निर्मिला, असा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने केला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर हे घर सर्वांचे झाले. दुष्काळातील अनाथ मुले तेथे वाढली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरी मुलासारखे राहिले. त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही.

ख्रिस्ती समाजातही टिळकांचा मार्ग सोपा नव्हता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन ही आपली घरची साधने त्यांनी उपासनेत आणली आणि पाश्चात्त्य साज उतरविण्याचा आग्रह धरला. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शालेय शिक्षण न लाभलेल्या स्त्रीने हे करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र या प्रकरणाचा अस्सल कागद म्हणजे १९३४ पासून प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. पतीचा तापट स्वभाव, खिशात पैसा न टिकू देणारे औदार्य, लहरीपणा, काहीही त्यांनी झाकले नाही. म्हणूनच त्यांनी दिलेला प्रेमाचा निर्वाळा विश्वसनीय वाटतो. स्तुतिपाठकाची साक्ष कोणी मानीत नाही. ज्याने झळ सोसली त्याची मानतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांना यात विचार करण्याजोगे बरेच आहे. आपल्याकडेही कोणी निराळ्या जातीत, भाषेत वा धर्मात गेला की त्याचे नाव वंशावळीतून हळूच गळते. टिळक दांपत्याने धर्म बदलला, पण माय मराठी सोडली नाही. आणि ज्या समाजाने त्यांना दूर लोटले, त्यानेच पुढे ‘स्मृतिचित्रे’ आपल्या भाषेचे भूषण म्हणून मिरविले. मग वंशावळीतील ती जागा रिकामी ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?