बारमाही पाणी

लावणीला शेतात उतरताना वहाणा बांधावर काढून ठेवायच्या, ही आमच्या घरची रीत. गुडघाभर पाण्यात दिवस काढायचा आणि संध्याकाळी व्हाळावर पाय धुऊन घरी यायचं. त्या पाण्याची भीती कधी वाटली नाही. म्हणूनच गिमवीबद्दल वाचलं तेव्हा दचकलो.

गिमवी हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, गुहागरकडचं गाव. तिथे लघवीतून रक्त जाण्याचा एक रोग असल्याचं गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ साली जाहीर केलं. रोगाचं नाव बिल्हार्झिया. आफ्रिकेतला हा आजार, आणि तो आपल्या कोकणात! त्याचा माग काढत मी जाऊन पोचलो तो थेट नाईलकाठी.

तिथे तो फार जुना. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत त्याची अंडी १९१० साली सापडली. प्रत्यक्ष कृमी थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराला १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना दिसला. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र १९१५ साली लायपरने उलगडलं. रोग्याच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेले जीव गोगलगाईत वाढतात आणि तिच्यातून बाहेर पडून पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पाणी प्यायलाच हवं असं नाही, पाय बुडाले तरी पुरे.

पूर्वी नाईलला वर्षातून एकदा पूर यायचा, शेतं भिजायची, मग जमीन सुकून भेगाळायची. गोगलगाईंना ते मानवत नसे. एकोणिसाव्या शतकात कापसासाठी कालवे आले, १९०२ मध्ये आस्वानचं धरण झालं, आणि पाणी बारमाही झालं. संथ, गवताळलेलं पाणी. दक्षिण इजिप्तमधल्या चार ठिकाणी बारमाही पाणी यायच्या आधी १९३४ मध्ये शेकड्यात फार तर अकरा जणांना हा रोग होता. १९३७ पर्यंत तो कमीत कमी ४४ आणि जास्तीत जास्त ७५ जणांना झाला. अवघ्या तीन वर्षांत!

डॉक्टर सांगत, पाण्यात उतरू नका. आता कालव्यात उतरल्याशिवाय ज्याचं शेत भिजत नाही, ज्याच्या बायकोला भांडी घासायला दुसरी जागा नाही, त्याने काय करायचं? ‘अडाणी फेल्लाह ऐकत नाही’ हा सूर त्या काळच्या लिखाणात भेटतो, तेव्हा मला राग येतो. नळ कुणी दिला होता त्याला? कापूस मात्र वेळेवर न्यायचे.

पुढे सरकारने उपचाराची मोठी मोहीम काढली. साधारण १९५० नंतर तीसेक वर्षं खेडोपाडी टार्टार एमेटिकची इंजेक्शनं शिरेतून देत, एकेकाला आठवडेन् आठवडे. काचेच्या सिरिंजा त्याच त्या, नीट उकळायला वेळ कुणाला! हेतू चांगलाच होता. पण एकाचं रक्त दुसऱ्यात गेलं आणि त्याबरोबर हेपटायटिस सी. त्या विषाणूला तेव्हा नावही नव्हतं, तो ओळखला गेला १९८९ मध्ये. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या शंभरातल्या जवळपास पंधरा जणांच्या रक्तात त्याची खूण मिळाली. कृमीवर तोंडाने घ्यायची प्राझिक्वांटेलची गोळी १९८०च्या दशकात आली. हेपटायटिसशी मात्र इजिप्तला त्यानंतरही झगडावं लागलं. २०१८-१९ मध्ये कोट्यवधी लोकांचं रक्त तपासलं गेलं, आणि त्या कामाची पावती जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिली.

अब्देल हलीम हाफिज हा अरबांचा लाडका गायक शरकिया प्रांतातल्या खेड्यातला, लहानपणी कालव्यात डुंबलेला. बिल्हार्झियाने त्याचं यकृत पोखरलं आणि १९७७ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो लंडनच्या इस्पितळात गेला. १९६० साली आस्वानच्या नव्या धरणाचं गाणं त्यानेच गायलं होतं.