हात कुठे बांधायचे?

मधल्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत जोहरची नमाज जमाअतने होते. जागा अपुरी म्हणून सतरंज्या व्हरांड्यातच अंथरतात. काही वर्षांपूर्वी सातवीत एक नवा मुलगा आला. वडील रत्नागिरीकडचे, अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागलेले. पहिल्याच दिवशी तो आमच्या शेजारच्या सफमध्ये उभा राहिला. तक्बीर झाली, त्याने हात बांधले ते नाभीच्या वर, जवळजवळ छातीखाली. आम्ही हनफी घरातले. मुलाला नीट शिकवलेले दिसत नाही असे वाटून आम्ही नमाजनंतर त्याचे दोन्ही हात धरून खाली सरकवले आणि म्हणालो, "बेटा, मर्द यहाँ बाँधते हैं." मागे उभी असलेली पोरे हसली.

हनफी घरांत बायका छातीवर हात बांधतात आणि पुरुष नाभीखाली. त्यामुळे पुढचे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखले असेल. दुसऱ्या दिवसापासून "औरतों की नमाज" असे त्याचे नाव पडले. त्यात तो रुकूत जाताना आणि रुकूतून उठताना पुन्हा दोन्ही हात खांद्यांपर्यंत उचलायचा, तेव्हा कुणीतरी मागून "माशी उडवतोय" म्हणायचे. आठवड्याभरात मुलगा जोहरला यायचा बंद झाला. पोट दुखते, वजू नाही, अशी कारणे देऊ लागला. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता. त्यात चांगले गुणही पडले होते.

त्याची आई शाळेत आली तेव्हा आम्हाला समजले की ते शाफई आहेत. ती भांडली नाही. "आमच्याकडं असंच पढतात, बाबांचे बाबा पण असंच पढायचे," एवढेच म्हणाली. त्या रात्री आम्ही पुस्तके काढून बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत. फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही.

कुरआनात नमाजचा हुकूम वारंवार आला आहे. त्यात उभे राहणे, रुकू, सज्दा यांचा उल्लेख आहे. हात कुठे ठेवावेत याचा तपशील नाही. तो तपशील पैगंबरांना (स.) नमाज पढताना पाहिलेल्या सहाबांकडून आला. सहाबा एका गावात राहिले नाहीत. हजरत अब्दुल्लाह बिन उमर मदिनेत राहिले. रसूलुल्लाह नमाजच्या आरंभी, रुकूत जाताना आणि रुकूतून उठताना हात उचलत, ही त्यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांना हजरत उमर यांनी शिक्षक म्हणून कूफ्याला पाठवले. त्यांनी लोकांना रसूलुल्लाहची नमाज करून दाखवली आणि हात फक्त पहिल्या वेळीच उचलले, ही रिवायत तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्याकडे आहे. काही मुहद्दिसांनी तिच्यावर आक्षेप घेतले, तर तिर्मिजी यांनी तिला हसन म्हटले. कूफा शहरात वाढलेले इमाम अबू हनीफा (इ. स. 699 ते 767) यांनी कूफ्याची रीत घेतली. इमाम शाफई (767 ते 820) यांनी इब्ने उमर यांची रिवायत उचलली. इमाम बुखारी यांना हा विषय इतका महत्त्वाचा वाटला की त्यांनी रफा-यदैनवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. इमाम शाफई हे इमाम मालिक यांचे शागिर्द. आणि नंतर बगदादमध्ये ते इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले, म्हणजे थेट अबू हनीफांच्या शागिर्दाकडे. तरीही या बाबतीत त्यांनी दोन्ही घराण्यांपेक्षा आपली वाट वेगळी ठेवली. आज मुले आपापल्या मसलकाच्या नावाने गट पाडतात तेव्हा त्यांना वाटते की हे चार इमाम चार वेगळ्या वर्गांत बसत असावेत. वर्ग एकच होता, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

हात बांधण्याचा प्रश्न तर आणखी गुंतागुंतीचा. उजवा हात डाव्यावर ठेवावा, ही रिवायत मुवत्ता या इमाम मालिक यांच्याच ग्रंथात आहे. पण त्यांचे शागिर्द इब्नुल कासिम यांनी जे मत नोंदवले, त्यात फर्ज नमाजमध्ये हात बांधणे त्यांना पसंत नव्हते. म्हणून मोरोक्को आणि पश्चिम आफ्रिकेतले कितीतरी मालिकी आजही हात सरळ खाली सोडून उभे राहतात. शियांचीही रीत हात सोडण्याचीच. नाभीखालची रिवायत हजरत अली यांच्या नावाने अबू दाऊद यांच्याकडे आहे, छातीवरची हजरत वाइल बिन हुज्र यांच्या नावाने इब्ने खुजैमा यांच्याकडे. दोन्हींच्या सनदांवर विद्वान हजार वर्षे वाद घालत आले आहेत. शाफई नाभीच्या वर आणि छातीच्या खाली हात बांधतात, म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्याने बांधले होते अगदी तिथेच.

हात सोडण्यावरून इब्ने बतूता या प्रसिद्ध प्रवाशावर काय प्रसंग आला तो त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. तो मोरोक्कोचा, म्हणजे मालिकी. 1330 च्या दशकात तो तुर्कस्तानातल्या सिनोप शहरी पोहोचला. तेथे सगळे हनफी. हा हात सोडून नमाज पढतो हे पाहून लोकांना शंका आली की हा राफिजी, म्हणजे शिया असावा. इब्ने बतूताने समजावले की ही इमाम मालिक यांची रीत आहे, पण कुणाला पटेना. शेवटी तिथल्या सुलतानाच्या नायबाने त्याच्याकडे एक ससा पाठवला आणि तो काय करतो ते पाहायला एक नोकर ठेवला. शिया सशाचे मांस खात नाहीत. इब्ने बतूताने ससा कापला, शिजवला आणि खाल्ला. नोकराने जाऊन खबर दिली, तेव्हा कुठे संशय फिटला आणि पाहुणचार सुरू झाला. आमच्या व्हरांड्यात ससा नव्हता एवढाच फरक.

हाच इब्ने बतूता पुढे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि होन्नावरचे मुसलमान शाफई आहेत अशी त्याने नोंद केली. ते शाफई का, याचे उत्तर समुद्रात आहे. त्याच्याही चारशे वर्षे आधी, इ. स. 916 च्या सुमारास, अल मसऊदी हा अरब लेखक आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदरात येऊन गेला. तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्यांत सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले व्यापारी होते, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलेही होती. गलबतातून खजूर आणि घोडे आले, तशी नमाजची रीतही आली. पुढे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर शाफई पंथ रुजला, तसा तो कोकणातही रुजला. माहीमचे मखदूम अली (1372 ते 1431) शाफईच होते. कुरआनचे भाष्यकार म्हणून त्यांचे नाव जगभर आहे. पण त्यांनी शाफई फिकहवर एक लहानसे पुस्तकही लिहिले, ते फिकहे मखदूमी नावाने ओळखले जाते. माहीमच्या उरुसाला जाणाऱ्या आमच्यासारख्या हनफींपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

घाटावर इस्लाम जमिनीच्या वाटेने आला. मध्य आशिया, दिल्ली, मग दौलताबाद, बुऱ्हाणपूर. तुर्क आणि अफगाण हनफी होते, त्यांचे काजी हनफी होते, म्हणून खानदेश, मराठवाडा, विदर्भ हनफी झाले. सह्याद्रीच्या एका अंगाला रफा-यदैन आणि दुसऱ्या अंगाला नाही, यामागे कुणाची बेदीनी नाही. बंदर आणि घाट आहेत. ही वाटणीही काटेकोर नाहीच. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून अरब आले, त्यांचे वंशज औरंगाबाद, परभणी, नांदेडला चाऊस आडनावाने राहतात. त्यांचे पूर्वज शाफई. आपल्या जुन्या नाशकातही भद्रकालीजवळ कोकणीपुरा आहे. नावच सांगते की कोकणी माणूस घाट चढून इथे येण्याची ही काही पहिली वेळ नव्हे.

मग भांडण कधी सुरू झाले? मतभेद जुना, पण गल्लीतले भांडण त्यामानाने नवे आहे. शाह वलीउल्लाह देहलवी (1703 ते 1762) हनफी वातावरणात वाढले, तरी हात उचलणारा आपल्याला न उचलणाऱ्यापेक्षा अधिक प्रिय आहे असे त्यांनी लिहिले. आणि लगेच जोडले की यावरून आपल्या गावच्या लोकांत फितना उठेल असे मात्र करू नये. त्यांचे नातू शाह इस्माईल (1779 ते 1831) यांनी रफा-यदैनच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि स्वतः हात उचलू लागले. सांगतात की त्यांचे चुलते शाह अब्दुल कादिर यांनी निरोप पाठवला, हे सोडून दे, उगीच गडबड होईल. पुतण्याने उत्तर दिले की मृत सुन्नत जिवंत करणाऱ्याला शंभर शहिदांचे पुण्य मिळते. त्यावर चुलते म्हणाले, ते सुन्नतच्या विरुद्ध काही चालू असेल तेव्हा. इथे तर उचलणे ही सुन्नत आणि न उचलणे हीही सुन्नत. हा किस्सा अक्षरशः खरा असो वा नसो, एकाच घरात दोन्ही मते होती आणि घर मोडले नाही, हे खरे आहे.

नंतर छापखाने आले. दिल्लीचे मियाँ नजीर हुसेन आणि भोपाळचे नवाब सिद्दीक हसन खान यांच्या काळात अहले हदीस चळवळ उभी राहिली. रिसाले आणि त्यांची उत्तरे निघू लागली. जो वाद अरबी जाणणाऱ्या चार माणसांत होता तो उर्दू वाचणाऱ्या सगळ्यांच्या हाती आला. आणि नंतर तो कोर्टात गेला. बनारसच्या एका मशिदीत काही जणांनी मोठ्याने आमीन म्हटले म्हणून त्यांच्यावर धार्मिक सभेत व्यत्यय आणल्याचा फौजदारी खटला झाला. 1885 मध्ये तो अलाहाबाद हायकोर्टापुढे आला. न्यायमूर्ती सय्यद महमूद, सर सय्यद यांचे चिरंजीव, त्या पीठावर होते. इतर न्यायमूर्तींशी असहमत होऊन त्यांनी लांबलचक स्वतंत्र निकालपत्र लिहिले. मुद्दा साधा होता: आमीन म्हणावे यावर चारही इमामांचे एकमत आहे, मतभेद फक्त आवाजाचा; मग ज्या गोष्टीला शरीयत नमाजचा भाग मानते ती मशिदीत करणे हा गुन्हा कसा? पुढे 1889 मध्ये त्याच हायकोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात ठरवले की मशीद अल्लाहच्या नावे वक्फ झाली की ती सर्व मुसलमानांची असते, मोठ्याने आमीन म्हणतो म्हणून कुणाला बाहेर काढता येत नाही. 1891 मध्ये असाच एक वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. आपल्या आमीनचा आवाज किती मोठा असावा याचा विचार लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी करावा, हे वाचताना आम्हाला वर्गात मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलासारखे वाटले.

हे बनारसचे प्रकरण आपल्याला दूरचे वाटेल, पण ते तसे नाही. 1857 नंतर आणि पुढच्या दुष्काळांत बनारस, मऊ, आजमगढ या पट्ट्यातून मोमीन विणकर मालेगाव आणि भिवंडीला आले. हातमागाबरोबर मसलकही आले. आज मालेगावात देवबंदी, बरेलवी आणि अहले हदीस अशा सर्वांचे मदरसे आणि मशिदी आहेत. तिथली मुले नाशकात नोकरीला आली, कोकणातली आली, खानदेशातली आली. इंदिरानगर आणि शेजारच्या वडाळ्यात एका इमारतीच्या एकाच जिन्यावर हे सगळे राहतात. अस्रची वेळसुद्धा दोन घरांत दोन असते, कारण शाफई सावली एकपट झाली की अस्र धरतात आणि हनफी दुपटीला.

अत्तहिय्यातमध्ये बोट उचलण्याचे तर आणखी निराळे. हनफी "ला" म्हणताना उचलतात आणि "इल्लल्लाह"वर खाली ठेवतात, शाफई "इल्लल्लाह"वर उचलतात, काही अहले हदीस ते हलवत राहतात. मुजद्दिद अल्फे सानी सरहिंदी यांना तर बोट उचलणेच मान्य नव्हते. पुढे त्यांच्याच सिलसिल्यातले दिल्लीचे मिर्झा मजहर जानेजानाँ (1699 ते 1781) यांनी पीराविरुद्ध जाऊन बोट उचलण्याच्या बाजूने कौल दिला. तरीही ते मुजद्दिदी म्हणूनच ओळखले गेले.

हे सगळे वाचल्यावर आम्ही त्या मुलाला बोलावले आणि सातवीच्या पूर्ण वर्गासमोर सांगितले की चूक त्याची नव्हती, आमची होती. शिक्षकाच्या तोंडून हे ऐकायची मुलांना सवय नसते. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग फळ्यावर अरबस्तान, कोकण आणि सह्याद्री काढून बंदर आणि घाटाची गोष्ट सांगितली. सशाची गोष्ट सर्वांत जास्त आवडली. मुलगा त्या दिवशी नाही, पण पुढच्या आठवड्यात जोहरला आला. शेवटच्या सफमध्ये, भिंतीला लागून.

तास संपता संपता एका मालेगावच्या मुलाने हात वर केला. माशीचा विनोद त्याचाच होता. म्हणाला, मी कुठे बांधू? आम्ही म्हणालो, तुझे अब्बा बांधतात तिथे. तो विचारात पडला. अब्बा दम्मामला असतात, म्हणाला. तिथे सगळ्यांबरोबर छातीवर बांधतात. सुट्टीवर आले की दादांच्या शेजारी उभे राहून नाभीखाली.

बेल झाली होती, तरी कुणी उठले नाही.