गॅसबत्तीचा मेंटल

वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारे गडी आज चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असतील. त्या बत्तीचा शुभ्र उजेड नुसत्या रॉकेलचा नव्हे, मेंटलच्या जाळीचा! रसायनशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. पण त्या जाळीची हकीगत मला कादंबरीहून सरस वाटते.

व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाखने कापसाची जाळी क्षारांच्या पाण्यात भिजवून जाळून पाहिली. कापूस जळून गेला, राखेची जाळी मात्र उभी राहिली आणि ज्योतीत झळाळू लागली. 1891 साली त्याला नेमके प्रमाण साधले : शंभरात नव्याण्णव भाग थोरियमचे भस्म, एक भाग सीरियमचे. तो एक भाग काढला, की उजेड फिका! सीरियम हे 'विरल मृत्तिका' कुळातले. नाव फसवे आहे. पृथ्वीच्या कवचात ते शिशापेक्षाही अधिक आहे.

ही दोन्ही द्रव्ये मोनाझाइट वाळूत सापडतात. 1909 साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत तिचा माग लागला. काथ्या आपला, वाळू आपली, आणि पारख परक्याची! पुढे ती वाळू जहाजे भरभरून परदेशी गेली. वाळू विकायची आणि उजेड विकत घ्यायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हणायचा.

स्वातंत्र्यानंतर होमी भाभांनी हे ओळखले. 1950 साली 'इंडियन रेअर अर्थ्स' ही कंपनी निघाली. 1952 च्या डिसेंबरात आलवाये येथे पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला. 1955 पासून ट्रॉम्बेला थोरियम नायट्रेट होऊ लागले, तेही मेंटलवाल्यांसाठी. अणुयुगाचा माल वरातीच्या बत्तीत! थोरियम किरणोत्सर्गी असते, हे बत्ती वाहणाऱ्या गड्याला कोणी सांगितले असेल, असे वाटत नाही. पुढे अनेकांनी त्याच्या जागी यिट्रियम घेतले.

याच कुळातले युरोपियम 1901 साली पॅरिसच्या दमार्सेने वेगळे केले. ते लाल प्रकाशते, पण स्वतः उजेड झेलण्यात आळशी. 1942 साली वाइसमनने दाखवले, की त्याच्याभोवती सेंद्रिय रेणू बसवले, तर ते जंबुपार किरण झेलून आपली शक्ती युरोपियमला देतात. घास एकाने घ्यावा आणि लाली दुसऱ्याच्या गाली यावी, तसे! टर्बियम असेच हिरवे उजळते.

आता शास्त्रज्ञ अशा धातूंना सेंद्रिय रेणूंच्या दुव्यांनी जोडून स्फटिकांची जाळीच विणतात. आमचे भाईंदर मिठागरांचे गाव. मिठाच्या खड्यातही सोडियम आणि क्लोरीन रांगेने बसलेले असतात, पण अगदी खेटून. या नव्या स्फटिकांत दुवे लांब, म्हणून आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांत पाण्याची वाफ किंवा एखादे द्रव्य शिरले, की पुष्कळदा प्रकाश मंदावतो किंवा बदलतो, आणि आत पाहुणा कोण आला, ते ओळखता येते.