डोंगरीची डांगरी आणि पडद्यावरचा सुतार

वेषाचा इतिहास राजवाड्यातून लिहिण्याची चाल जुनी आहे. पेशवाईतील पगडीचे पेच पुष्कळांस सांगता येतात. बंदरावरचा हमाल त्या काळी अंगात काय घालीत होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. अलीकडे मात्र वेष रचणाऱ्यांना कल्पना पुरविणारे एक नवेच दालन उघडले आहे, ते व्हिडिओ गेमचे. पॅरिस आणि मिलान येथील मातबर वस्त्रगृहे पोराटोरांच्या खेळांतील पात्रांकडे पाहून कपडे बेतू लागली आहेत. वडीलधाऱ्या श्रोत्यांस हा विषय थिल्लर वाटण्याचा संभव आहे. परंतु या वाटेने मागे मागे जाऊ लागले म्हणजे ती एका मजुराच्या अंगावरील कपड्यापाशी, आणि तेथून थेट आमच्या मुंबईतील डोंगरीपाशी जाऊन पोचते.

१९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘डाँकी काँग’ नावाचा खेळ बाजारात आणला. तो रचणारे शिगेरू मियामोतो हे औद्योगिक आरेखन शिकलेले तरुण गृहस्थ. खेळाचा नायक एक सुतार. बांधकामाच्या लोखंडी तुळयांवरून तो धावतो, पिंपे चुकवितो, प्रसंगी हातोडा चालवितो. हाच पुढे मारिओ म्हणून जगाला ठाऊक झाला, आणि १९८३ च्या खेळात तो नळकाम करणारा झाला. आता हा नायक रेखाटायचा तो सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच एवढ्या चौकटीत, तेही दोनतीन रंगांत. एवढ्याशा जागेत तोंड उमटत नाही, म्हणून मियामोतोंनी मोठे नाक काढून त्याखाली मिशा दिल्या. उडी मारताना केस हलताना दाखविणे जमेना, म्हणून डोक्यावर टोपी घातली. हात आणि धड एकाच रंगाचे झाले तर धावताना हात दिसणार नाहीत. तेव्हा सदरा एका रंगाचा आणि त्यावर छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली विजार दुसऱ्या रंगाची केली. म्हणजे जगात सर्वांत अधिक ओळखला जाणारा हा खेळातील वेष कोणा रसिकाच्या लहरीतून नव्हे, तर यंत्राच्या अडचणीतून निघाला.

आम्हांस हे विशेष वाटते, कारण मजुराचा खरा वेषही असाच अडचणीतून निघालेला असतो. छातीवरचा तुकडा सदरा वाचवितो. खांद्यावरचे पट्टे असल्याने वाकताना विजार घसरत नाही आणि कमरेला काच पडत नाही. पुढच्या खिशात पट्टी-पेन्सिल राहते. इंग्रजीत या विजारीला ‘डंगरीज’ म्हणतात. हा शब्द आपला आहे. डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे, स्वस्त सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकापासून उचलले, शिडांना आणि खलाशांच्या कपड्यांना वापरले, आणि गावाचे नाव कापडाला, कापडाचे नाव कपड्याला चिकटले. पुढे तोच शब्द कारखान्यांच्या फाटकातून ‘डांगरी’ होऊन घरी परत आला. आम्ही कामगार चळवळीत उमेदीची वर्षे घालविलेली माणसे; मागणीपत्रकात ‘वर्षाला दोन डांगऱ्या आणि धुलाई भत्ता’ हे कलम आम्ही किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. एका कारखान्यात तर दुसऱ्या जोडीसाठी वाटाघाटीच्या तीन बैठका झाल्या. एकच जोडी असली म्हणजे माणूस ती ओली घालून पाळीवर येतो, हे मालकाच्या प्रतिनिधीस पटविणे सोपे नव्हते.

या कपड्याच्या इतिहासात शिंपी सहसा हरवतो. अमेरिकेतील नेवाडा प्रांतात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. कष्टकऱ्यांच्या विजारींचे खिसे फाटतात म्हणून त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या कड्या ठोकल्या. पेटंटच्या खर्चापुरते पैसे जवळ नव्हते. त्याने कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना भागीस घेतले, आणि २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. विजारीवर नाव राहिले ते व्यापाऱ्याचे. १४७ वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, त्याच लेव्हीज कंपनीने मारिओच्या नावाने कपडे काढले, आणि त्यांत छातीपर्यंतची ती विजारही होती. मजुराची विजार पडद्यावर गेली आणि पडद्यावरून शौकिनाच्या अंगावर उतरली!

त्याआधी २०१५ मध्ये मिलानच्या मोस्किनोने मारिओला आपल्या सदऱ्यांवर आणि पिशव्यांवर बसविले होते. २०१६ च्या वसंत ऋतूतील कपड्यांच्या जाहिरातीत लुई व्हिताँने ‘फायनल फॅन्टसी’ या जपानी खेळातील लाइटनिंग नावाच्या सैनिक स्त्रीला उभे केले. म्हणजे जिला देहच नाही तिला कपडे मिरवावयास लावले. डिसेंबर २०२० मध्ये बालेन्सियागाने तर आपले नवे कपडे खेळाच्याच रूपाने लोकांपुढे मांडले. कळस झाला २०२१ साली. रोब्लॉक्स या खेळात गुचीची एक पिशवी चार हजार डॉलरांहून अधिक किमतीस पुन्हा विकली गेली. ही किंमत दुकानातील चामड्याच्या पिशवीहून जास्त होती, आणि ही पिशवी खेळाबाहेर कोणाला हातात धरता येत नव्हती.

या घाऊक उलाढालीपेक्षा आम्हांस हौशी लोक अधिक आवडतात. खेळातील पात्राचा वेष स्वतः शिवून तो अंगावर मिरविणे यास कॉस्प्ले म्हणतात; जपानातील नागोया येथे २००३ पासून त्याचे जागतिक संमेलन भरते. सुई हातात घेतली म्हणजे पडद्याचे खोटेपण कळते. २००१ च्या ‘फायनल फॅन्टसी’तील लुलू या पात्राच्या घागऱ्याचा पुढचा भाग नुसत्या कमरपट्ट्यांचा आहे. आरेखनकार तेत्सुया नोमुरा यांना ते पट्टे चितारता आले. पण शिवणाऱ्या पोरीला प्रत्येक पट्टा कापावा लागतो, बक्कल लावावे लागते, आणि वर ते सारे ओझे कमरेवर पेलून चालावे लागते.

मग पडद्यावरच्या कपड्याला मजूर लागतच नाही काय? लागतो. झगा तलवारीतून आरपार जात नाही ना, बाही हातात घुसत नाही ना, हे डोळे ताणून कोणी तरी पाहावेच लागते. त्यांस परीक्षक म्हणतात, आणि खेळाच्या धंद्यात त्यांची पायरी खालची. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या खेळात पात्रांचे पोशाख पैसे घेऊन विकले जातात. त्या खेळावर काम करणाऱ्या अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये काही कंत्राटी परीक्षकांना कामावरून कमी केले, तेव्हा त्यांचे सहकारी काम बंद करून बाहेर पडले. नंतर त्यांनी युनियनसाठी मतदान मागितले. मे २०२२ मध्ये मोजणी झाली, ती १९ विरुद्ध ३.