शेतातले पीक आणि घरातली कणगी

गावातील घराची ऐपत पाहावयाची तर पूर्वी पेवात ज्वारी किती आहे एवढेच विचारीत. सोलापूर व मराठवाड्याकडे भुईत खोल पेव खणून त्यात दाणा साठवीत. एक साल बुडाले तरी मागचे पेव उघडता येई. मात्र पेव सर्वांचे नव्हते, हे आपण जुन्या काळाच्या कौतुकात विसरतो. लहान शेतकऱ्याचा आणि मजुराचा दाणा कणगीत असे, आणि उन्हाळा लागला की कणगीचा तळ दिसू लागे.

म्हणून पीक किती आले आणि घरात चूल किती दिवस पेटली, हे दोन प्रश्न वेगळे धरावे लागतात. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने ज्या दुष्काळ संहिता केल्या, त्यांत ही जाणीव होती: पीक बुडाले की मजुरीही बुडते, तेव्हा काम देऊन पैसा द्यावा. १८९६ च्या दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभा गावोगाव लोकांना सांगत होती ते हेच, की ही भिक्षा नव्हे, संहितेतील तरतूद आहे, ती मागून घ्या. परंतु संहिता म्हणजे कायदा नव्हे. कलेक्टरच्या मर्जीला त्यात पुष्कळ वाव होता.

स्वराज्य आल्यावर लक्ष पिकाकडे वळले. १९६४ साली सी.एस.एच. १ ही पहिली संकरित ज्वारी आली. पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यास शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत राज्य स्वयंपूर्ण न झाल्यास आपणास फाशी द्यावे, असे सांगितले. हायब्रीडचा उतारा खरोखरच मोठा होता. पण ताट ठेंगणे, म्हणून कडबा कमी. शिवाय पीक लवकर निसवून पावसात सापडे, दाणा काळा पडे, आणि भाकरीला मालदांडीची चव नसे. बायकांनी हे आधी ओळखले, कृषिखात्याने मागाहून.

मग १९७२ साल उजाडले. आधीची दोन वर्षेही ओढीचीच गेली होती. यंदा अनेक जिल्ह्यांत पेरणीही साधली नाही. पाऊसच नसेल तर हायब्रीड काय आणि गावरान काय! १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणारे, पाझर तलावांवर माती वाहणारे हे केवळ भूमिहीन नव्हते; सातबाऱ्यावर नाव असलेले शेतकरीही त्यांत होते. घरी परदेशची तांबडी मिलो शिजत होती, मुलांच्या हाती सुकडी पडत होती. हाल पुष्कळ झाले, जनावरे गेली. पण पूर्वीच्या दुष्काळांत झाली तशी माणसांची हानी झाली नाही, आणि ती ज्याने टळली त्यात मजुरीचा वाटा मोठा होता.

या मजुरीला हक्काचे रूप देण्याचा खटाटोप वि. स. पागे यांचा. विधानपरिषदेचे हे सभापती; त्यांच्या योजनेचा पहिला प्रयोग १९६९ साली तासगाव तालुक्यात विसापूर येथे झाला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. हजेरीपट लांबत, मजुरी उशिरा मिळे, ही तक्रार खोटी नव्हती. तरी दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता काम मागता येऊ लागले, आणि मागणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या.

पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने शहरांतील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला, तो मुख्यतः या योजनेसाठी. आपल्यापैकी कित्येकांनी पगारपत्रकात ती कपात पाहिली आहे. ती कोणाच्या कणगीसाठी आहे, हे त्या कागदावर लिहिलेले नसे.