दिवा नसलेलं गाव

मागच्या शनिवारी घरी एकटाच होतो, म्हणून आजोबांच्या शेताचा सातबारा ऑनलाईन काढायला बसलो. जिल्हा, तालुका, मग ड्रॉपडाऊनमधे गाव.. सापडलं! बाबांना फोन केला तर म्हणाले, "अरे, तिथे घर कुठेय? बेचिराग गाव ते."

बेचिराग म्हणजे जिथे चिराग, दिवा लागत नाही असं गाव. शब्द फारसी. पुढे आपण त्याचं 'बेचिराख' केलं आणि त्यात राख शोधायला लागलो. जुन्या मराठी कागदांत हा शब्द येतो तो हिशेबाच्या भाषेत. दुष्काळ पडला, फौज येऊन गेली, की रयत गाव सोडायची आणि वसूल बंद. 1630च्या भीषण दुष्काळाच्या सुमाराला आपलं पुणंसुद्धा उजाड झालं होतं. मुरार जगदेवाने त्यावरून गाढवाचा नांगर फिरवला असं सांगतात. (होय, जिथल्या ट्रॅफिकला आपण रोज शिव्या घालतो तेच पुणं!) पण उजाड झालं तरी गाव कागदावरून जात नसे. नव्या कुळांना कौल द्यायचा, सारा पहिल्या वर्षी थोडा, मग दरसाल चढता. यालाच इस्तावा म्हणत. गाव पुन्हा नांदतं करायचं तर यादीत त्याचं नाव हवंच ना?

पुढे इंग्रजांनी 1836च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली आणि गाव म्हणजे सर्व्हे नंबरांचा गठ्ठा झाला. महाराष्ट्राच्या 1966च्या जमीन महसूल संहितेतली 'गावा'ची व्याख्या मुद्दाम वाचली. तीत शहरही येतं, गावाची सगळी जमीनही येते. माणसं मात्र नाहीत.

म्हणून 2011च्या जनगणनेत आमच्या गावाला सहा आकडी कोड आहे, क्षेत्रफळ आहे आणि लोकसंख्या शून्य. नल नव्हे बरं का मंडळी, शून्य! राज्यातल्या साधारण 43 हजार साडेसहाशे गावांपैकी अडीच हजारांवर गावं अशी रिकामी होती.

इथपर्यंत मजा वाटत होती. मग आमची वाडी शोधली. शे-दीडशे उंबरा, बालवाडी, मारुतीचं देऊळ, माझा चुलतभाऊ तिथेच राहतो. यादीत नाहीच! वाडी महसुली गाव नाही, त्यामुळे तिथली माणसं पलीकडच्या मोठ्या गावात मोजलेली. वाडीत किती लोक राहतात हे छापील आकड्यांत कुठेच दिसत नाही. ग्रामपंचायत तर तिसरीच भानगड. ती 1958च्या वेगळ्या कायद्याने होते, सदस्य 7 ते 17, आणि लहान गावं एकत्र करून गट ग्रामपंचायत. दाखल्यासाठी भावाला तीन किलोमीटर जावं लागतं, ते त्या मोठ्या गावात.

2021ची जनगणना लांबली ती लांबलीच, आता 2027ची जाहीर झालीय. वाडीला महसुली गावाचा दर्जा मिळावा म्हणून वाडीकरांनी मागेच अर्ज केलाय. सरकारी अधिसूचना निघाल्याशिवाय काही होत नाही.

रात्री भावाला हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग तो रिकाम्या गावाचा नंबर आम्हाला देऊन टाका की. तसाही पडूनच आहे."

"तो जमिनीचा नंबर आहे रे," एवढंच मला म्हणता आलं.